सत्तेचाळिसावा

शेफील्डमध्ये, डॉन नदीच्या काळ्या पाण्यालगत,
जिन्याखालच्या खोलीत एक हौद आहे.
हौदात सायनाइड.
क्लेम बॅगशॉला त्याचा कडू बदामासारखा वास येतो,
विनिफ्रेड स्टॅनिफोर्थला येत नाही.
तिच्या आईलाही येत नसे म्हणे.
म्हणून ती नाकावर नाही, खिडकीवर विसंबते;
खिडकी जानेवारीतही उघडी.

सकाळी एक चमचा आला,
वरची चांदी झिजून पिवळट पडलेला,
तोंडाशी चार बारीक खड्डे.
"दातांच्या खुणा आहेत," बाई म्हणाल्या, "बुजवू नका."
"चांदी बुजवत नाही," विनिफ्रेड म्हणाली,
"चांदी नुसती बसते."

चमचा कॉस्टिकमध्ये उकळला,
प्युमिसच्या भुकटीने घासला, इतका
की पाणी त्यावर थेंब न धरता सपाट पसरलं.
मग तांब्याच्या तारेने दांडीला टांगला.
समोरच्या दांडीवर चांदीचा पत्रा.
डायनॅमो सुरू झाला,
खिडकीची काच बारीक थरथरली.

आता पाहण्यासारखं काहीच नाही.

चांदीच्या अणूत सत्तेचाळीस इलेक्ट्रॉन.
सेहेचाळीस आत, दाटीवाटीने, आपापल्या जागी;
सत्तेचाळिसावा उंबऱ्यावर,
चपला पायात घालूनच बसलेला.
डायनॅमो हाक मारतो आणि तो निघतो
तारेतून,
मागे वळून न बघता.
वळायला त्याला मान नाही.

आणि मागे राहिलेला अणू?
त्याला आता पत्र्यात राहवत नाही.
कडेचा हात सोडून तो पाण्यात उतरतो.
आयन म्हणतात त्याला,
म्हणजे मुळात, जाणारा.

विनिफ्रेडच्या वहीत ही नुसती अधिकाची खूण,
पेन्सिलीची एक फुली.
आपल्याकडे शब्द जास्त बोलतात:
ज्याने गमावलं तो धन.
ज्याने घेतलं तो ऋण.
ही नावं कोणा वाण्याने ठेवली नसणार.
वाण्याने उलटी ठेवली असती.

उतरल्याउतरल्या दोन सायनाइड
त्याला दोन्ही दंडांना धरतात,
दोघांच्याही डोक्यावर एकेक ऋण.
बेरीज केली तर धनवंत आता कर्जातच.
तसाच तो जातो,
विषाच्या मधोमध,
वीतभर अंतर.

चमच्यापाशी दंडांवरचे हात सुटतात.
तारेतून आलेला एक इलेक्ट्रॉन तिथे उभा असतो.
"तोच का?" क्लेमने एकदा विचारलं होतं,
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.
तिने दांडी जराशी हलवली, बुडबुडे झटकायला.
"त्यांना नावं नसतात, क्लेम."

चाळीस मिनिटांनी चमचा बाहेर.
चकाकत नाही. ताकासारखा पांढरा, मुका.
चकाकी नंतर, अकीकाच्या दगडाने, साबणाच्या पाण्यात,
मनगट भरून येईपर्यंत.
खड्डे चारही जागच्या जागी,
आता तळापासून चांदीचे.

"मुलगा?" क्लेमने विचारलं, जरा दबकतच.
"ट्राम चालवतो," बाई म्हणाल्या.
"सगळे दात काढून झाले त्याचे. लग्नाआधीच."
अंगठ्याने तपासलं, एक, दोन, तीन, चार,
आणि चमचा पिशवीत, बटाट्यांवर.

संध्याकाळी विनिफ्रेड पत्रा तोलते.
पत्र्याची घट, शेजारी चमच्यांची वाढ.
दोन्ही आकडे जुळायला हवेत.
आज तीन ग्रेन कमी.
ती चोर शोधत नाही.
महिनाअखेर हूक आणि तारा खरवडायच्या असतात,
तिथे निघेल ती,
चमच्यापर्यंत न पोचता
जिथे आधी हात मिळाला तिथेच बसलेली.

शनिवार. क्लेम डायनॅमो बंद करतो,
काच थरथरायची थांबते.
हौदात जे वाटेवर आहेत
ते वाटेवरच, सोमवारपर्यंत.